पलंग घेताना या चुका टाळा : बडोद्याच्या एका घरातून

दुकानात पलंगावर आपण जास्तीत जास्त अर्धा मिनिट आडवे होतो. तेही पाय बाहेर ठेवून, सेल्समनकडे बघत ओशाळं हसत. घरी आल्यावर मात्र त्याच पलंगावरून रोज उठायचं असतं, त्याच्याखाली झाडायचं असतं, चादर खोचायची असते, पावसाळ्यात तो भिंतीपासून ओढायचा असतो. पंधरा वर्षांत आमच्या घरात पाच पलंग आले आणि दोन गेले. त्या दोघांपैकी एकही झोप लागत नाही म्हणून गेला नाही.

लोंबते पाय

पहिला गेला तो सासूबाईंमुळे. मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा हौसेने त्यांच्या खोलीत बॉक्सचा, म्हणजे खाली सामानाची पेटी असलेला पलंग घेतला. पलंग १८ इंच उंच आणि वर १० इंचांची गादी. सासूबाईंची उंची पाच फुटांच्या आत. त्या काठावर बसल्या, पाय हवेत, आणि म्हणाल्या, "अगं, हा पलंग आहे की माळा?" चार दिवस त्या स्टूल लावून चढल्या. पाचव्या दिवशी दांडिया बाजारच्या जुन्या घरातून आणलेल्या सागवानी दिवाणावर गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

आपण पलंगाची लांबी-रुंदी विचारतो, उंची विचारत नाही. कॅटलॉगमध्ये उंची लिहिलेली असली तरी ती गादीशिवायची असते. घरातल्या वयस्कर माणसाला खुर्चीवर बसवा, गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. काठावर बसल्यावर गादी दबून उरते ती उंची त्या मापाएवढी किंवा इंच-दोन इंच जास्त असावी. उलटी चूकही होते. हल्ली जमिनीसरसे पलंग निघालेत, फोटोत फार सुंदर दिसतात. गुडघे दुखणाऱ्याने त्यावर बसून बघावं आणि हाताचा आधार न घेता उठून दाखवावं.

खोली मोजली, कपाटाचं दार मोजलं नाही

किंग म्हणजे ७८ बाय ७२ इंच आणि क्वीन ७८ बाय ६०, ही झाली गादीची मापं. चौकट धरून किंग साधारण ८४ बाय ७६ होतो. आता १० बाय ११ फुटांची खोली घ्या. १० फुटांच्या भिंतीला उशी केली तर दोन्ही बाजूंना २२-२२ इंच उरतात. एक माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल. पायाकडे उरतात ४८ इंच. त्यात समोरच्या भिंतीला २४ इंच खोल कपाट, म्हणजे मधे २४. कपाटाचं दार १८ इंचांचं असेल तर ते उघडल्यावर उभं राहायचं कुठे? क्वीन घेतला तर बाजूंना एकूण १२ इंच जास्त मिळतात, पण पायाकडची अडचण तशीच राहते. तिथे सरकती दारंच लागतात.

वास्तू मानत असाल तर तेही आधीच ठरवा. डोकं दक्षिणेला हवं म्हणून पलंग आल्यानंतर फिरवला की बाल्कनीचं दार अडतं, हे मी दोन घरांत पाहिलंय. वर्तमानपत्रं जोडून पलंगाच्या मापाचा कागद जमिनीवर पसरा आणि एक दिवस तसाच राहू द्या. घरातले लोक त्याला वळसा घालतात की त्यावरून चालतात, ते कळतं.

बडोद्याच्या वाडी किंवा रावपुरा भागातल्या जुन्या घरात राहणाऱ्यांनी आणखी एक बघायचं : जिना. ७८ बाय ७२ ची एकसंध गादी अरुंद जिन्याच्या वळणावर वळत नाही. ३६-३६ इंचांच्या दोन गाद्या घ्या, मधली फट जाड खोळीने झाकता येते.

"चाली जशे"

पलंग बनवून घेताना सगळ्यात महाग पडलेले दोन गुजराती शब्द हे, म्हणजे 'चालून जाईल'. मिस्त्री म्हणतो, "बेन, कमर्शियल प्लाय चाली जशे." चालतोही, पाणी लागेपर्यंत.

ज्याला बाजारात कमर्शियल किंवा एमआर म्हणतात तो प्लाय दमटपणा सोसतो, पाणी नाही. त्याच्या वरचा बीडब्ल्यूआर, तो पाणी जास्त सोसतो. हे दोन्ही आयएस ३०३ या भारतीय मानकात येतात. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, त्याचा डिंक पाण्यात सुटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी धोक्याची २६ फुटांची पातळी ओलांडून ३५ च्याही वर गेली, तेव्हा नदीकाठच्या तळमजल्यांत दिवसच्या दिवस पाणी होतं. आमच्या आत्यांच्या घरी पाणी ओसरल्यावर मी गेले होते. एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा) पलंग पावासारखा फुगला होता, बॉक्समधली लग्नाची भांडी आणि रजया चिखलात. त्याच खोलीतला सागाचा जुना पलंग धुऊन, सावलीत महिनाभर वाळवून, पॉलिश करून आजही वापरात आहे. तळमजल्यावर राहत असाल तर बॉक्स नकोच. पायांचा पलंग घ्या, लाकडाचा किंवा लोखंडी. वरच्या मजल्यावर बॉक्स चालेल, पण ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि बॉक्सला हवेची भोकं पाडून घ्या.

प्लायचा शिक्का बघायचा तो शीट कापण्याआधी. सनमायका चढला की आत काय आहे ते मिस्त्री आणि देव जाणे. बॉक्सच्या बाजूंना १८ किंवा १९ एमएम बहुतेक जण घालतात. चलाखी तळाला होते. ४ एमएमचा तळ दोन वर्षांत पोटासारखा खाली येतो.

सागातही गंमत आहे. "वलसाडी साग" म्हणून कुणीही काहीही विकतो. फळीचा न रंगवलेला मागचा भाग मागून बघा. कडेला फिकट पिवळट पट्टा दिसला तर ते कच्चं लाकूड, बाहेरच्या थराचं. कीड आधी तिथे लागते. संखेड्याचं लाखकाम केलेलं फर्निचर अस्सल सागाचं असतं आणि आपल्या गावापासून जवळही, पण रंगीत दांड्यांची नक्षी पुसायला रोज वेळ आहे का, ते स्वतःला विचारा. आमच्याकडे नाही, म्हणून आमचा फक्त झोपाळा संखेड्याचा आहे.

मुलांचा दुमजली पलंग

याबाबत मी हट्टी आहे. वर पंखा फिरत असेल तर घेऊ नका. साडेनऊ फुटांच्या छतात पंख्याची पाती साडेआठ फुटांवर येतात. वरची गादी पाच फुटांवर, त्यावर बसलेल्या मुलाचं डोकं साडेसातवर. त्याने आनंदाने हात वर केले की झालं. पंखा भिंतीवर हलवता येत असेल तरच विचार करा. कठडा गादीच्या वर किमान ५ इंच हवा (जाड गादी घातली की तो बुडतो), कठड्यातली फट साडेतीन इंचांहून जास्त नको, आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवायचं नाही. धाकट्याने कितीही भोकाड पसरलं तरी.

गादी

"ऑर्थोपेडिक" वाचून फळीसारखी गादी घेणारे खूप आहेत. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांचा अभ्यास आला होता. काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी ९० दिवस दिली. मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. फोम घेताना जाडीपेक्षा डेन्सिटी (घनता, घनमीटरला किती किलो) विचारा, ३२ की ४०, आणि ती बिलावर लिहून घ्या.

आधीच घेऊन झाला असेल तर

कुरकुर येत असेल तर गादी काढून एकाने पलंग हलवावा, दुसऱ्याने कान लावावा. बहुतेक वेळा बोल्ट सैल झालेला असतो किंवा दोन फळ्या एकमेकींवर घासत असतात. तिथे मेणबत्ती घासली की आवाज थांबतो. पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रू नुसताच गरगरत असेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू पिळा. असं एकदाच, फार तर दोनदा जमतं.

पलंगाखाली पिठासारखी पूड आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं म्हणजे भुंगेरा. मातीची बारीक नळी भिंतीवरून वर चढलेली दिसली तर ती वाळवी, आमच्या बडोदेकर मराठीत उधई. पहिल्याचा उपाय पलंगावर होतो. दुसरीचा भिंतीत आणि जमिनीत करावा लागतो. नुसता पलंग फवारून ती जात नाही.

हायड्रॉलिक पलंगाचं, म्हणजे गॅसच्या पंपांनी उचललं जाणारं झाकण वर टिकत नसेल तर गादी बदलली होती का ते आठवा. पंप गादीच्या वजनानुसार बसवलेले असतात. फोमच्या जागी पिंजाऱ्याकडची कापसाची गादी घातली की झाकण खाली येतं, आणि जड गादी काढून हलकी घातली की बंदच होत नाही. तसं नसेल तर पंप थकलाय. दोन्ही एकदम बदला, त्यावर लिहिलेला न्यूटनचा आकडा जुळवून. तोवर झाकणाला काठीचा टेकू दिल्याशिवाय डोकं आत घालू नका. काढलेल्या पंपाला भोक पाडू नका आणि तो जाळूही नका. आत नायट्रोजन दाबून भरलेला असतो. भंगारवाल्याला देतानाही हे त्याला सांगा.

आमचा दुसरा गेलेला पलंग असाच, पंप आठव्या महिन्यात बसला. दुकानदाराने "वॉरंटी आहे ने" म्हणत कच्चं बिल दिलं होतं आणि मी घेतलं होतं. पुढच्या वेळी पक्कं बिल घेतलं, त्यावर प्लायचा ग्रेड, गादीची डेन्सिटी आणि पंपाची वॉरंटी लिहायला लावली. तो कुरकुरला, पण लिहिलं. बिल हातात असलं की दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.