शेकरूची पहिली उडी: गोडोमध्ये छोटा, निवांत भटकंतीचा गेम बनवताना

भटकंतीच्या निवांत गेममध्ये शत्रू नसतो, घड्याळ नसतं, मरणही नसतं. खेळणाऱ्याला धरून ठेवतं ते हालचालीचं सुख. २०१९ च्या ‘अ शॉर्ट हाइक’मध्ये एक छोटा पक्षी डोंगर चढतो. सोनेरी पिसं मिळतील तसा तो आणखी उंच जातो, पण काहीच न मिळवता नुसतं तरंगत राहिलं तरी बरं वाटतं. म्हणून गोष्ट, पात्रं, गोळा करायची जांभळं हे सगळं मागाहून. आधी उडी जमवा.

नायक म्हणून भीमाशंकरच्या जंगलातलं शेकरू घ्या. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी एका झाडावरून दुसऱ्यावर सुमारे ६ मीटर झेप घेतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. गेमचा मुख्य नियम इथेच मिळतो: फांदीवर वेग सेकंदाला ७.५ मीटर, जमिनीवर ४. खेळणारा आपोआप झाडं शोधू लागतो, त्याला पाटी दाखवावी लागत नाही.

गोडो ४ या गेम बनवण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नवा थ्रीडी सीन उघडा. मुळाशी कॅरेक्टरबॉडी३डी (हलणाऱ्या पात्राचा नोड), त्याच्या आत कॅप्सूल आकाराचा कोलिजनशेप, म्हणजे टक्कर मोजण्याचा अदृश्य आकार (उंची ०.४, त्रिज्या ०.१५), आणि शेकरूचं मॉडेल. गुरुत्वाकर्षण मूळचं ९.८ ठेवून उडीचा वेग १० दिला, तर शेकरू ५ मीटर वर जातं आणि २ सेकंद फुग्यासारखं हवेत राहतं. नवख्यांचे बहुतेक गेम इथेच लोंबकळतात. आकडे अंदाजाने टाकू नका, हिशेबाने काढा. उडीची उंची २ मीटर आणि शेंड्यापर्यंतचा वेळ ०.४ सेकंद धरा. उडीचा वेग म्हणजे दोनदा उंची भागिले वेळ, म्हणजे १०. गुरुत्वाकर्षण म्हणजे दोनदा उंची भागिले वेळेचा वर्ग, म्हणजे २५. हवेतला एकूण वेळ ०.८ सेकंद, आणि ७.५ च्या वेगाने झेप बरोबर ६ मीटर! खाली येताना गुरुत्वाकर्षण दीडपट केलं तर उतरणं ठाम वाटतं, पण झेप ५.४ मीटरवर येते. तेव्हा फांद्यांमधलं अंतर ४.५ ते ५ मीटरच ठेवा.

फांदीच्या टोकाशी माणूस बटण नेहमी थोडं उशिरा दाबतो. फांदी सुटल्यावरही ०.१२ सेकंद उडी मारू द्या. एवढ्या वेळात शेकरू ९० सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं, तरी कुणाला खटकत नाही. फांदीला टेकायच्या ०.१ सेकंद आधी दाबलेलं बटणही लक्षात ठेवा. एक चूक मात्र हमखास होते: उडी मारताक्षणी ०.१२ सेकंदांचा टायमर शून्य करायचा राहतो, आणि भरभर दोनदा दाबलं की शेकरू हवेतल्या हवेत दुसरी उडी मारतं.

आता टेकण्याचा क्षण. मॉडेलची उंची ०.०८ सेकंदात ८५ टक्क्यांवर आणा, रुंदी आणि लांबी १०८ टक्क्यांवर न्या, मग ०.१५ सेकंदात सगळं पूर्ववत करा. शेपूट थोडी मागून येऊ द्या. एवढ्यानेच अंगाला वजन येतं, ते मऊ वाटायला लागतं. मात्र हा ताण फक्त मॉडेलला द्यायचा. कॅरेक्टरबॉडीलाच स्केल केलं तर टकरीचा हिशेब बिघडतो आणि शेकरू फांदीत रुतल्यासारखं वागतं.

फांदी दिसायला गोल असू द्या, टकरीसाठी मात्र तिला चपटा बॉक्स द्या, दोन्ही बाजूंनी १५ सेंटिमीटर जास्त रुंद. गोल सिलिंडर दिला तर कडेला उतार ४५ अंशांच्या वर जातो, गोडो त्याला जमीन मानत नाही आणि शेकरू घसरतं. खोडावर चढण्यासाठी समोर ०.३ मीटरचा रेकास्ट, म्हणजे समोर काही आहे का ते तपासणारा अदृश्य किरण, लावा. खोड लागलं की गुरुत्वाकर्षण बंद, चढण्याचा वेग ३. बारा मीटरचं झाड ४ सेकंदांत संपतं. पडण्याची शिक्षा म्हणजे पुन्हा चढणं, एवढीच, आणि ती पुरेशी आहे.

कॅमेरा स्प्रिंगआर्म३डीवर (मधे अडथळा आला की कॅमेरा जवळ ओढणारा दांडा), लांबी ३ मीटर. शेकरू टकरीच्या दुसऱ्या लेयरवर (गटात) ठेवा आणि स्प्रिंगआर्मचा मास्क, म्हणजे तो कुठल्या लेयरला अडथळा मानतो ते, फक्त पहिल्या लेयरचा ठेवा, नाहीतर कॅमेरा शेकरूलाच अडथळा समजून त्याच्या डोक्यात जाऊन बसतो. पानांना टकरीचा आकार देऊच नका. दाट झाडीत कॅमेरा थरथरतो तो बहुधा पानांना दिलेल्या अशा आकारामुळेच. चालण्याची दिशा कॅमेऱ्यावरून घेताना तिचा उभा भाग शून्य करून नॉर्मलाइज करा, म्हणजे तिची लांबी पुन्हा १ करा. हे विसरलं की खाली बघत चालताना वेग मंदावतो.

जंगल १५० बाय १५० मीटर पुरे. झाडांवरून सरळ गेलं तर २० सेकंदांत संपेल, म्हणून मधे दरी घाला, वाट वळवा. दर ८-१० सेकंदांनी काहीतरी दिसलं पाहिजे: जांभळांनी लगडलेली फांदी, हिरड्याच्या झाडातलं काटक्यापानांचं घरटं, अंजनीच्या झाडाखाली बोलणारं एखादं पात्र. एक उंच टोक मात्र सुरुवातीपासून नजरेत राहू द्या.

मराठी संवादांकडे खास लक्ष द्या, कारण गोडोच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. तुमच्या संगणकावर सिस्टिमचा फाँट वेळ मारून नेईल, दुसऱ्याच्या मशीनवर चौकोन दिसू शकतील. ‘बालू’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फाँट गेमसोबतच द्या. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, आणि बालूची गोलाई असल्या गेमला फार शोभते. अक्षरं एकेक करून उमटवत असाल तर लेबलच्या (मजकूर दाखवणाऱ्या नोडच्या) व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियरमध्ये ‘आफ्टर शेपिंग’ निवडा. मूळ सेटिंगवर ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ दिसतो आणि वेलांटी आली की तो उजवीकडे सरकतो. जोडाक्षरं तर डोळ्यांदेखत आकार बदलतात. वाचणाऱ्याला त्याचा त्रास होतो.

गोळा केलेल्या जांभळांची नोंद यूजर फोल्डरमध्ये (user://) सेव्ह करा. रेस फोल्डरमध्ये (res://, प्रोजेक्टच्या मूळ फायली) एडिटरमधून लिहिता येतं, पण गेम एक्सपोर्ट झाल्यावर येत नाही. प्रत्येक जांभळाला क्रमांकाऐवजी स्वतःचं नाव द्या. क्रमांक दिलेत आणि नंतर मधेच एक झाड वाढवलंत, तर जुन्या सेव्हमध्ये भलतंच फळ खाल्लेलं दिसेल.

मग गेम कधी न पाहिलेल्या कुणाच्या तरी हातात द्या आणि काही न सांगता बघत बसा. पहिल्या दोन मिनिटांत शेकरू झाडावर गेलं नाही, तर सूचना लिहू नका. सुरुवातीच्या जागेसमोरची फांदी जमिनीपासून १.५ मीटरवर आणा आणि तिच्यावर एक जांभूळ ठेवा.