ब्रिटिशकालीन ज्युरीच्या खटल्याचे कागद कसे वाचावेत

ब्रिटिश अमदानीतील एखाद्या फौजदारी खटल्याचा कागद हाती येतो, त्यात 'ज्युरीने आरोपीस दोषी ठरविले' असे वाक्य दिसते, आणि वाचक त्या ज्युरीविषयी तेथल्या तेथे मत बनवून मोकळा होतो. आपल्या घराण्याचा इतिहास लिहिणारे, गावातील जुन्या दंगलीचा किंवा खुनाचा माग काढणारे आणि स्वातंत्र्यलढ्यातील खटल्यांचा अभ्यास करणारे हौशी संशोधक यांना उपयोग व्हावा म्हणून हे मार्गदर्शन लिहिले आहे. ज्युरीत बसलेल्या माणसांची पारख करण्यापूर्वी त्यांना तेथे कोणत्या नियमाने बसविले होते आणि त्यांच्या हाती नेमका किती अधिकार दिला होता हे पाहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नियम न पाहता काढलेला निष्कर्ष बहुधा अन्यायाचा ठरतो, कधी आरोपीवर तर कधी ज्युररांवर.

सर्वांत आधी खटल्याचे वर्ष पाहावे. फौजदारी प्रक्रिया संहिता १८६१, १८७२, १८८२ आणि १८९८ अशी चार वेळा आली, आणि १८९८ ची संहिता १ जुलै १८९८ पासून थेट १९७४ पर्यंत चालली. १८८२ आणि १८९८ च्या संहितांमध्ये ज्युरीविषयीची कलमे बरीचशी समान क्रमांकांनी येतात, त्यामुळे पुढे दिलेले कलमांचे आकडे या दोन्ही काळांतील कागदांना साधारणपणे लागू पडतील. १९२३ मध्ये वंशभेदाच्या तरतुदींत मोठे फेरफार झाले, म्हणून त्यानंतरच्या खटल्यासाठी दुरुस्त केलेला मजकूरच पाहावा. त्याहून जुने, मुंबईच्या सुप्रीम कोर्टाच्या काळातील कागद असतील तर दोन कायदे लक्षात ठेवावेत. १८२६ च्या कायद्याने एतद्देशीयांना ज्युरीत बसण्याची वाट खुली झाली खरी, पण ग्रँड ज्युरी आणि ख्रिस्ती आरोपींचे खटले यांतून त्यांना वगळण्यात आले होते. हे वगळणे १८३२ च्या कायद्याने दूर झाले. आरोपपत्र ग्राह्य आहे की नाही एवढेच ठरविणारी ग्रँड ज्युरी १८६५ मध्ये बंद झाली, त्यामुळे त्या वर्षाच्या अलीकडे-पलीकडे 'ज्युरी' या शब्दाने दोन वेगळ्या मंडळांचा निर्देश होऊ शकतो.

वर्षानंतर न्यायालय पाहावे. मुंबई शहरातील गंभीर गुन्ह्यांचे खटले हायकोर्टाच्या मूळ फौजदारी शाखेत चालत आणि तेथे नऊ जणांची ज्युरी ठरलेली असे. जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टाची रीत वेगळी होती. कलम २६८ नुसार तेथील खटला एकतर ज्युरीपुढे चाले किंवा असेसरांच्या, म्हणजे न्यायाधीशाला केवळ मत सांगणाऱ्या माणसांच्या, साहाय्याने चाले. कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या प्रकारच्या गुन्ह्यांना ज्युरी मिळावी हे प्रांतिक सरकार कलम २६९ खाली हुकूम काढून ठरवी. याचा अर्थ, ज्युरी हा सर्व प्रजेचा हक्क नव्हता, सरकारने जिल्हा आणि गुन्हा पाहून दिलेली ती सवलत होती, आणि दिलेली सवलत सरकार परतही घेऊ शकत असे. म्हणून आपल्या खटल्याच्या काळातील गॅझेटमधील अधिसूचना शोधणे हे काम टाळू नये. आजचा महाराष्ट्र त्या काळी एका प्रांतात नव्हता, हेही येथे विसरून चालत नाही. नागपूर आणि वऱ्हाडसाठी मुंबई सरकारचे गॅझेट उपयोगी पडणार नाही, औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते, आणि कोल्हापूर, सांगली यांसारख्या संस्थानांची न्यायालये स्वतंत्र होती.

असेसर आणि ज्युरर यांची गल्लत ही अशा वाचनातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. असेसर प्रत्येकी आपले मत तोंडी सांगत, न्यायाधीश ते नोंदवून घेई, आणि कलम ३०९ प्रमाणे त्या मताचे बंधन न्यायाधीशावर मुळीच नसे. सर्व असेसरांनी निर्दोष म्हटले असतानाही फाशी सुनावण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. तेव्हा निकालपत्रात 'असेसरांशी सहमत होऊन' किंवा 'असेसरांच्या मताविरुद्ध' असे शब्द आले, तर शिक्षेची जबाबदारी एकट्या न्यायाधीशाची आहे असे समजावे. यात आणखी एक गुंतागुंत आहे. एकाच आरोपीवर काही आरोप ज्युरीच्या कक्षेतील आणि काही त्याबाहेरचे असतील, तर तीच माणसे पहिल्या आरोपांपुरती ज्युरर आणि दुसऱ्या आरोपांपुरती असेसर म्हणून बसत. त्यामुळे एकाच कागदात तीच पाच नावे दोन वेगळ्या भूमिकांत दिसली तर ती लेखनिकाची चूक नाही. अशा वेळी प्रत्येक आरोपापुढे कोणत्या भूमिकेतील मत नोंदले आहे हे स्वतंत्रपणे टिपून ठेवावे.

आता माणसांकडे वळावे. कलम ३१९ नुसार २१ ते ६० वर्षे वयाचे, जिल्ह्यात राहणारे सर्व पुरुष या सेवेस पात्र धरले जात. स्त्रियांना त्यात स्थान नव्हते. कलम ३२० मधील सूट मिळालेल्यांची यादी लांब आहे: जिल्हा मॅजिस्ट्रेटहून वरच्या दर्जाचे अधिकारी, पगारी न्यायाधीश, धर्मोपदेशक, उघडपणे व नित्य व्यवसाय करणारे वैद्य आणि डॉक्टर, वकिली चालविणारे वकील, पोस्ट व तार खात्यातील नोकर इत्यादी. या यादीमुळे गावातील शिकलेल्या मंडळींपैकी बरीच मंडळी आधीच बाजूला पडत. उरलेल्यांची वर्णानुक्रमे यादी सेशन्स जज्ज आणि कलेक्टर मिळून करीत, तीत नाव, राहण्याचे ठिकाण आणि हुद्दा किंवा धंदा लिहिला जाई, आणि माणूस युरोपियन किंवा अमेरिकन असल्यास तसा वंशही नोंदला जाई. यादी कलेक्टर कचेरीत, कोर्टात आणि शहरातील ठळक जागी लावून हरकती मागविण्यात येत. स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने अशी यादी हाती लागणे म्हणजे त्या काळी सरकार कोणाला प्रतिष्ठित मानत होते याचा थेट पुरावा मिळणे होय, आणि मला स्वतःला ती पुष्कळदा खटल्याच्या निकालापेक्षाही मोलाची वाटते.

सत्रापूर्वी या यादीतून उघड्या कोर्टात चिठ्ठ्या काढून नावे निवडली जात आणि मागच्या सहा महिन्यांत सेवा केलेल्यांना शक्यतो वगळले जाई. समन्स मिळूनही विनाकारण गैरहजर राहणाऱ्यास कलम ३३२ प्रमाणे शंभर रुपयांपर्यंत दंड होई, तो जंगम मालमत्ता जप्त करून वसूल केला जाई, आणि वसूल न झाल्यास पंधरा दिवसांपर्यंत दिवाणी तुरुंगवास भोगावा लागे. आपल्या पणजोबांच्या नावे असा दंड दिसला तर त्यांनी गुन्हा केला होता असे समजू नये. दुसऱ्याच्या नावाने ज्युरर म्हणून बसणे मात्र भारतीय दंड संहितेच्या कलम २२९ खाली खरोखरच गुन्हा होता आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होती.

ज्युररांची नावे एकेक करून पुकारली जात आणि प्रत्येक नावाला आरोपीची हरकत आहे काय, असे विचारले जाई. हरकतींची कारणे कलम २७८ मध्ये आहेत: पक्षपाताचा संशय, वय, कोर्टातील किंवा पोलिसातील काम, पूर्वीची शिक्षा, संसाराचा त्याग, आणि भाषा न समजणे. हायकोर्टात याखेरीज दोन्ही बाजूंना कारण न देता प्रत्येकी आठ जणांना नाकारता येत असे. कागदात नाकारलेल्यांची नावे असतील तर ती बसलेल्यांच्या नावांइतक्याच काळजीने उतरवून घ्यावीत, कारण सरकारी वकिलाने कोणाला नाकारले यावरून खटल्याची दिशा समजते.

भाषेच्या कारणापाशी मुद्दाम थांबावे. साक्षीपुराव्याची भाषा किंवा पुराव्याचे भाषांतर केले जात असल्यास त्या भाषांतराची भाषा समजली म्हणजे ज्युरर पात्र, असा तो नियम होता. या एका तरतुदीचे परिणाम लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या खटल्यात स्पष्ट दिसतात. 'केसरी'तील लेख मराठीत होते, आरोप त्या लेखांवर होता, आणि ज्युरीतील नऊ जणांपैकी सात युरोपियन व दोन पारशी होते. त्यांच्यापुढे सरकारी भाषांतर आले, आणि टिळकांना आपल्या प्रदीर्घ भाषणातील मोठा भाग त्या भाषांतरातील दोष दाखविण्यात खर्च करावा लागला. मूळ मराठीचा भाव न समजणाऱ्या माणसांनी मराठी लेखाचा हेतू ठरवावा, हे कायद्याच्या चौकटीत पूर्णपणे बसत होते. आजही तो कागद वाचताना याची टोचणी लागल्याशिवाय राहत नाही.

अशी ज्युरी बनली कशी, याचेही उत्तर कलमांतच आहे. हायकोर्टाकडे सामान्य आणि विशेष अशा ज्युररांच्या दोन याद्या असत. विशेष यादीतील नावे मालमत्ता, प्रतिष्ठा आणि शिक्षण पाहून घेतली जात. फाशीच्या गुन्ह्यात विशेष ज्युरी असेच, इतर गुन्ह्यांत न्यायाधीशाने तसा हुकूम दिल्यास ती बोलाविली जाई, आणि १९०८ मध्ये तसा हुकूम झाला होता. कलम २७५ ने हिंदी आरोपीला ज्युरीत युरोपियनेतरांचे बहुमत मागण्याचा हक्क दिला होता, परंतु तो सेशन्स कोर्टापुरताच होता. मुंबई हायकोर्टात टिळकांना त्याचा आधार नव्हता. उलट युरोपियन ब्रिटिश प्रजाजनास निदान निम्मे ज्युरर युरोपियन किंवा अमेरिकन असावेत अशी मागणी करता येई, आणि हिंदी न्यायाधीशांना युरोपियनांचे खटले चालविता यावेत म्हणून आणलेल्या इल्बर्ट बिलावरच्या वादानंतर १८८४ मध्ये हे संरक्षण जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या कोर्टापर्यंत पोहोचले. म्हणून ज्युररांची जात किंवा वंश मोजण्याआधी हा आरोपी कोण होता आणि त्याला कोणत्या कोर्टात उभे केले होते, हे दोन प्रश्न विचारावेत.

मतांची संख्या वाचण्याचीही एक रीत आहे. कलम ३०५ प्रमाणे हायकोर्टात नऊपैकी किमान सहा जणांचे एकमत आणि न्यायाधीशाची सहमती लागत असे. न्यायाधीश बहुमताशी असहमत असेल तर ज्युरी तेथेच बरखास्त होई, आणि पुरेसा वेळ देऊनही सहा जणांचे जमले नाही तरीही बरखास्त होई. टिळकांच्या १८९७ च्या खटल्यात सहा युरोपियन आणि तीन हिंदी ज्युरर होते, आणि सहाविरुद्ध तीन मतांनी ते दोषी ठरले. सहा ही शिक्षेसाठी लागणारी नेमकी किमान संख्या होती. एक मत जरी फिरले असते तरी त्या ज्युरीच्या कौलावर शिक्षा देता आली नसती. १९०८ चा सातविरुद्ध दोन हा कौलही याच मोजमापाने वाचावा. या दोन निकालांचे संदर्भ '२२ मुंबई ११२' आणि '१० बॉम्बे लॉ रिपोर्टर ८४८' असे येतात. यांतला पहिला आकडा खंडाचा आणि शेवटचा पानाचा असतो, आणि नुसते 'मुंबई' असे लिहिले असेल तेथे इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका समजावी.

सेशन्स कोर्टातील ज्युरीच्या खटल्यात निकालपत्र सापडत नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. बहुतेक वेळा ते हरवलेले नसते, लिहिलेलेच नसते. ज्युरीच्या खटल्यात सविस्तर निकालपत्राची गरज नाही, न्यायाधीशाने पुरावा व कायदा समजावून ज्युरीला केलेल्या निवेदनाचे मुद्दे नोंदवावेत, एवढीच अपेक्षा कलम ३६७ मध्ये होती. ज्युरीने आपल्या मताची कारणे द्यावीत असा नियम कोठेच नव्हता. त्यामुळे अशा दफ्तरात आधी हे निवेदनाचे मुद्दे शोधावेत. अपीलही कायद्याच्या मुद्द्यावरच चाले, आणि न्यायाधीशाने ज्युरीला चुकीची दिशा दिली किंवा ज्युरीचा कायद्याविषयी गैरसमज झाला, असे दाखविता आले तरच कौल बदले. अपिलात वकिलांचा सगळा रोख न्यायाधीशाच्या शब्दांवर का दिसतो, याचे कारण हे आहे.

खटल्यात ज्युरीचा उल्लेखच नसेल तर विशेष कायदा लागला होता काय, हे तपासावे. १९०८ च्या चौदाव्या कायद्याने तीन न्यायाधीशांपुढे ज्युरीशिवाय खटला चालविण्याची सोय केली, आणि नाशिक कटाचा खटला तशाच रीतीने चालला. टिळकांच्या खटल्यात ज्युरीतील दोन मते विरुद्ध गेली होती. तेवढी शक्यताही या कायद्याने उरू दिली नाही.

शेवटी कलम ३०७ पाहावे. सेशन्स जज्जास ज्युरीचा कौल पटला नाही आणि खटला वर पाठविणे न्यायासाठी आवश्यक आहे असे त्याचे ठाम मत झाले, तर तो आपली कारणे लिहून खटला हायकोर्टाकडे पाठवी. मग हायकोर्ट सर्व पुरावा तपासून, न्यायाधीश आणि ज्युरी या दोघांच्या मतांना योग्य ते वजन देऊन, आरोपीला सोडू किंवा दोषी ठरवू शके. नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या १९५९ च्या खटल्यात बृहन्मुंबईच्या सेशन्स कोर्टातील ज्युरीने आठविरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष म्हटले, न्यायाधीशाने खटला हायकोर्टाकडे पाठविला, १९६० मध्ये तेथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांनी चाललेला हा खटला १८९८ च्याच संहितेखाली चालला होता. ज्या खटल्यात अशी रवानगी झाली असेल तेथे जिल्ह्याच्या दफ्तरात वेळ घालवण्याआधी हायकोर्टाचा निकाल मिळवावा. ज्या पुराव्यावर ज्युरीने कारणे न देता कौल दिला त्याची साक्षीदारवार छाननी तेथे झालेली असते, आणि न्यायाधीशाच्या रवानगीपत्राचा गाभाही बहुधा त्यातच सापडतो.