नवी रॅम टाकली आणि स्क्रीन काळीच?

पंखे फिरतायत, दिवे लागलेत, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. अशा वेळी रॅम खराब निघण्यापेक्षा ती नीट न बसलेली असण्याचीच शक्यता जास्त.

मशीनमध्ये डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) असेल तर आधी काही मिनिटं नुसतं थांबा. नवी रॅम दिसली की मदरबोर्ड तिचं टायमिंग जुळवत बसतो, तोवर स्क्रीन काळीच राहते. वैतागून बटण दाबलंत की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तरीही काही दिसेना? प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेट उघडा. बऱ्याच बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते. त्या बाजूला 'टक्' वाजतं, आपण खूश होतो, आणि दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वरच राहतं. दिव्याच्या उजेडात आडवं पाहा: सोनेरी पिनांची कड एका टोकाला जास्त दिसत असेल तर हाच घोळ आहे. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. खाच जुळत नसेल तर मात्र जोर लावू नका. डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर३ किंवा डीडीआर५ बसतच नाही.

रॅमची पट्टी जुनी किंवा सेकंडहँड असेल तर सोनेरी पिना पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसा, कण ब्रशने झटका. पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामा निघतो.

आता एकच पट्टी, प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये (बोर्डावर बहुधा ए२ लिहिलेलं असतं). मग तिथेच दुसरी लावून पाहा. एकच चालली तर न चालणारी बदलून घ्या. दोन्ही एकेकट्या चालतात पण जोडीने नाही, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा. बायोसपर्यंतही पोचता येत नसेल तर प्लग काढून बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. २६६६ आणि ३२०० वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही २६६६ वरच धावतात, तो बिघाड नव्हे.

एकही पट्टी चालेना? मग रॅमचा नाद सोडून प्रोसेसरजवळची ८ पिनची पॉवर केबल तपासा. कॅबिनेटमध्ये हात घालताना ती सैल होते, आणि पंखे तरीही फिरत राहतात.

मशीन सुरू होतं पण मधूनच निळी स्क्रीन येते, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चार पास (पूर्ण फेऱ्या) रात्रभर चालवा. एरर आली तर एक्सएमपी बंद ठेवून पुन्हा, प्रत्येक पट्टी वेगळी. तरीही एखादीवर लाल ओळ आली की ती सरळ दुकानात परत. एकच एरर आहे म्हणून चालवून घेऊ नका. आणि हो, वॉरंटीचं स्टिकर काढू नका.