लिव्हरपूलची ओरिएल चेंबर्स कशी पाहावी

लिव्हरपूलच्या टाउन हॉलपासून मर्सी नदीकडे उतरणाऱ्या वॉटर स्ट्रीटवर, कोव्हेंट गार्डन नावाच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, पीटर एलिस या वास्तुविशारदाने 1864 मध्ये उभारलेली ओरिएल चेंबर्स ही कार्यालयीन इमारत आहे. ती पाहायला जाताना एकच प्रश्न मनात ठेवावा : विजेचे दिवे नसलेल्या काळात कारकुनांच्या टेबलांपर्यंत दिवसाचा उजेड कसा पोहोचवला?

प्रथम समोरच्या पदपथावर उभे राहावे, कारण जवळून पाहिल्यास दर्शनी भागाची लय हाती लागत नाही. दगडाचे अरुंद उभे पट्टे आणि त्यांच्या दरम्यान मजल्यामागून मजला बाहेर डोकावणाऱ्या काचेच्या खिडक्या, एवढीच तिची मांडणी आहे. भिंत म्हणावी असा भाग जवळजवळ उरलेलाच नाही. खिडकी भिंतीच्या पुढे आलेली असल्यामुळे उजेड समोरून आणि दोन्ही बाजूंनीही आत येतो. अरुंद रस्त्यावरील इमारतीसाठी हा लाभ फार मोठा होता. मात्र दगडाच्या पट्ट्यांवरील गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय, वळणाची सजावट पाहून ही इमारत जुन्या शैलीतली आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

यानंतर तिचा सांगाडा समजून घ्यावा. आत बिडाचे खांब व तुळया आहेत आणि तुळयांच्या मध्ये विटांच्या उथळ कमानी घालून जमिनी तोलल्या आहेत. भार या सांगाड्याने उचलल्यामुळे बाहेरची बाजू काचेसाठी मोकळी झाली. मुंबईच्या वाचकांना काळा घोडा येथील वॉटसन हॉटेलची आठवण येईल. तिचा लोखंडी सांगाडाही याच दशकातला असून इंग्लंडमध्ये तयार होऊन आला होता.

माझ्या मते खरा शोध मागच्या अंगणात आहे, म्हणून शक्य असल्यास तेथील लोकांची परवानगी घेऊन ती बाजू अवश्य पाहावी. रस्त्याच्या बाजूला असलेला दगडाचा आडोसा तेथे नाही. काचेची भिंत खांबांच्या रांगेच्या पुढे, सांगाड्याला धरून उभी आहे. पुढच्या शतकात जगभर रूढ झालेल्या, इमारतीचा भार न उचलता सांगाड्याला लावलेल्या काचेच्या पडदा-भिंतीचे हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. समकालीनांना मात्र ते रुचले नाही : 1866 मध्ये ‘द बिल्डर’ नियतकालिकाने या खिडक्यांना बाहेर आलेले काचेचे बुडबुडे म्हणून हिणवले. आज हीच वास्तू ग्रेड एक या सर्वोच्च श्रेणीची संरक्षित वास्तू आहे.

1941 च्या बॉम्बहल्ल्यांत इमारतीचे नुकसान झाले आणि युद्धानंतर तिला नवा भाग जोडला गेला. तेव्हा मूळ बांधकाम कोठे संपते हे डोळ्यांनी ठरवूनच छायाचित्रे घ्यावीत.

वेळ असेल तर जवळच्याच कुक स्ट्रीटवरील 16 क्रमांकाची, एलिसचीच 1866 ची इमारतही पाहावी. तिच्या मागील अंगणातला लोखंड व काचेने वेढलेला गोल जिना मुख्य इमारतीच्या बाहेर काढलेला आहे, त्यामुळे आतील जागा कार्यालयांसाठी मोकळी राहिली आणि जिन्यालाही भरपूर उजेड मिळाला.