चुकीबद्दल लिहिताना होणाऱ्या चुका

सांगलीत विश्रामबागेत मी व्यापारी इंग्रजी पत्रलेखन शिकवते. बाकी पत्र बरं असतं, पण 'आमची चूक झाली' हे इंग्रजीत लिहायची वेळ आली की भले भले अडखळतात.

सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे 'आय डिड अ मिस्टेक'. मराठीत आपण अभ्यास करतो, स्वयंपाक करतो आणि चूकही करतो. इंग्रजीत होमवर्क 'डू' करतात, चूक मात्र 'मेक' करतात. 'आय मेड अ मिस्टेक', 'वी मेड ॲन एरर'. का, म्हणून वाद घालू नका, पाठ करा. 'कमिट' हे क्रियापद गुन्हा आणि पाप यांच्या संगतीतलं. 'कमिट ॲन एरर' चालतं, पण बिलात दोन रुपये चुकले तर एवढा थाट कशाला?

'मिस्टेक इज हॅपन्ड' हे तर 'चूक झाली'चं शब्दाला शब्द भाषांतर. 'देअर वॉज अ मिस्टेक' म्हणा आणि मोकळे व्हा.

आता 'फॉल्ट'. हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे काम करणारा मुलगा माझ्याकडे यायचा. पंचवीस किलोच्या 500 बॅगा, म्हणजे 12,500 किलो. इन्व्हॉइसवर पडलं 15,200. पठ्ठ्याने परदेशातल्या पार्टीला घाईघाईत कळवलं, 'देअर इज अ फॉल्ट इन द कन्साइनमेंट.' पार्टीने वाचलं, मालात दोष आहे! पेमेंट थांबलं, नमुना पुन्हा तपासून पाठवा म्हणाले. हळद सोन्यासारखी होती, चुकला होता फक्त कागदावरचा आकडा. शेठजींचा आवाज तीन आठवडे चढलेला.

"मॅडम, डिक्शनरीत बघूनच लिहिलं होतं ओ."

बघितलं होतं, खोटं नाही. 'चूक' शोधलं तर मिस्टेक, एरर, फॉल्ट असे तिन्ही शब्द ओळीने मिळतात. पण वस्तूतला फॉल्ट म्हणजे दोष किंवा बिघाड, आणि माणसाच्या बाबतीत 'इट इज अवर फॉल्ट' म्हणजे दोष आमच्याकडे. आकडा चुकला तर 'वी मेड अ मिस्टेक इन द इन्व्हॉइस. द करेक्ट वेट इज 12,500 केजी.' बस्स. पत्र नंतर तसंच गेलं.

मी स्वतः वहीत सुटा शब्द कधी लिहीत नाही, क्रियापदासकट लिहिते: मेक अ मिस्टेक, पॉइंट आउट अ मिस्टेक, करेक्ट ॲन एरर. नवीन मुलांना हे नको असतं. "शंभर वाक्यांची पीडीएफ द्या", नाहीतर फोनवर भाषांतर करून चिकटवायचं. चिकटवा, पण पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचा तरी.

'बाय मिस्टेकली' ही खिचडी आहे. 'बाय मिस्टेक' किंवा 'मिस्टेकन्ली', दोन्हींपैकी एकच. चुकीच्या माणसाला मेल गेला असेल, तर ऑफिसच्या भाषेत 'सेंट इन एरर'.

'मिस्टेक ऑफ स्पेलिंग' नको, 'स्पेलिंग मिस्टेक'.

'ट्रायल अँड एरर' ही जोडी ठरलेली, तिथे मिस्टेक बसत नाही.

आणि 'ह्यूमन एरर' अपघाताच्या चौकशी अहवालात शोभतं. क्लासला उशीर झाला म्हणून मला तसा मेसेज पाठवू नका.