वर्षभराचं ग्रुप सेव्हिंग चॅलेंज: आठवडा चुकला तर काय, ते आधी ठरवा

जानेवारी आला की कुणीतरी ग्रुप काढतंच, चला यंदा सगळे मिळून सेव्हिंग चॅलेंज करूया, म्हणजे दर आठवड्याला ठरलेली रक्कम बाजूला टाकायची, पटापट वीस अंगठे वर येतात, आणि मार्चमध्ये बघावं तर तिथे चिटपाखरू नसतं. मी असे तीन ग्रुप बघितलेत. पहिल्यातून मीच आठव्या आठवड्यात गुपचूप गायब झाले, दुसरा ग्रुप माझ्यासकट अख्खा बुडाला, तिसरा मात्र शेवटपर्यंत गेला, आणि तिसऱ्यात आम्ही काही फार शहाणे झालो होतो अशातला भाग नाही, फक्त एक गोष्ट वेगळी होती, आठवडा चुकला तर काय करायचं हे आम्ही पैसे टाकायच्या आधीच लिहून ठेवलं होतं.

पण त्याआधी एक क्लिअर करून टाकू. या चॅलेंजमध्ये पैसे ग्रुपकडे जात नाहीत. तुमचे पैसे तुमच्याच नावाच्या खात्यात, माझे माझ्या, ग्रुपला दिसते ती फक्त टिक, म्हणजे या आठवड्याचे टाकले एवढी खूण. सगळ्यांनी एकाकडे जमा करायचे आणि पाळीपाळीने उचलायचे हा प्रकार पूर्ण वेगळा, त्याचे धोके वेगळे, त्याबद्दल मी इथे बोलत नाहीये. त्यामुळे कुणी म्हणालं की माझ्याकडे पाठवा, मी सांभाळतो, तर माणूस कितीही जवळचा असला तरी गोड बोलून नाही म्हणा. आणि अजून दोन मेंबर आणा म्हणजे डबल मिळतील असं कुणी म्हणत असेल तर ते चॅलेंज नव्हेच, सरळ बाहेर पडा.

आता पॅटर्न कुठला घ्यायचा. सगळ्यात फेमस ५२ आठवड्यांचा: पहिल्या आठवड्यात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, असं करत शेवटच्या आठवड्यात ५२. एकूण होतात १३७८. हिशोब सोपा आहे, पहिला आणि शेवटचा मिळून ५३, दुसरा आणि शेवटून दुसरा मिळून पण ५३, अशा २६ जोड्या. आता हे १ म्हणजे तुमच्या चलनात किती ते तुम्ही ठरवायचं, त्याला आपण पट म्हणू. पट २० धरलात तर वर्षाला २७,५६० जमतील. उलटं पण करता येतं, जेवढे जमवायचेत त्याला १३७८ ने भागा, पट मिळाला.

दिसायला गोड आहे पण यात एक छुपा खड्डा आहे जो बहुतेकांना सहा महिन्यांनी कळतो. पहिल्या २६ आठवड्यांत जमतात फक्त ३५१, म्हणजे साधारण एक चतुर्थांश. अर्धं वर्ष झालं म्हणून आपण खूश, आणि तीन चतुर्थांश काम अजून बाकी! पहिल्या चार आठवड्यांत मिळून १० टाकायचे असतात आणि शेवटच्या चारात २०२, म्हणजे पट २० असेल तर एकाच महिन्यात ४,०४०. म्हणून पट ठरवताना पहिला आठवडा बघून ठरवू नका, तो कुणालाही झेपतो. सगळ्यात जड महिना बघा, २०२ गुणिले तुमचा पट, एवढे एका महिन्यात खरंच बाजूला निघतील का? नसतील तर पट कमी करा, लाज वाटायचं कारण नाही.

काही जण उलटं करतात, ५२ पासून सुरू करून खाली. उत्साह असतो तेव्हाच मोठे आकडे संपतात हे खरं, पण सुरुवातीलाच दमछाक झाली की माणूस दुसऱ्या महिन्यातच पळतो. मला स्वतःला चौकटीवाला प्रकार आवडतो: १ ते ५२ आकड्यांचा तक्ता बनवायचा, त्या आठवड्यात जो आकडा झेपेल तो टाकायचा आणि खोडायचा. तंगीत २ खोडा, बोनस आला तर ५१ आणि ५० एकदम उडवा. फक्त सगळे लहान आकडे आधी संपवायचे नाहीत, नाहीतर शेवटी पुन्हा तोच खड्डा, म्हणून आमच्यात नियम होता की महिन्यात निदान एक मोठा आकडा खोडायचाच. पगार महिन्याला होत असेल तर पगाराच्या दुसऱ्या दिवशीच चार-पाच आकडे निवडून मोकळे व्हा, आठवड्याची वाट बघत बसू नका, शिल्लक राहील ते टाकू म्हटलं तर शिल्लक काही राहत नाही.

या चौकटीचा एक तोटा आहे, आकडा दर वेळी बदलतो म्हणून बँकेत ऑटो ट्रान्सफर लावता येत नाही. ज्यांना माहितीये की आपण विसरतोच त्यांनी सरळ सारखी रक्कम लावावी, १३७८ भागिले ५२ म्हणजे २६.५ गुणिले पट, दर आठवड्याला आपोआप कटेल. कंटाळवाणं आहे पण चालतं. रोज टाकायचं, १ पासून ३६५ पर्यंत, असा पण एक प्रकार असतो, बेरीज ६६,७९५ होते, मी एकदा करून बघितला, रोजची नोंद ठेवण्यातच जीव गेला, ग्रुपसाठी तर नकोच.

बरं, मग ग्रुप कशाला हवा, एकट्याने का नाही? चिलीमध्ये मायक्रोक्रेडिट, म्हणजे छोटी कर्जं, घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकांवर यावर एक प्रयोग झाला होता, फेलिपे कास्ट, स्टेफान मायर आणि दीना पोमेरान्झ या संशोधकांनी केलेला. काहींना बचत खात्यावर नेहमीपेक्षा जास्त व्याज दिलं, काहींना नेहमीचंच व्याज पण सोबत एक ग्रुप, आपलं ध्येय ग्रुपसमोर सांगायचं आणि मीटिंगमध्ये किती झालं ते बोलायचं. ग्रुपवाल्यांच्या पैसे भरायच्या खेपा नुसतं साधं खातं मिळालेल्यांच्या साडेतीन पट झाल्या, आणि जास्त व्याजाने मात्र बहुतेकांना काही फरकच पडला नाही. त्यातली मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट वेगळीच, नंतर त्यांनी मीटिंगशिवाय नुसते मोबाईलवर मेसेज पाठवून बघितलं, तुमचं किती झालं, इतरांचं कसं चाललंय, तर परिणाम जवळपास तेवढाच. म्हणजे भेटीगाठी, व्हिडिओ कॉल, भाषणं याची गरज नाही. आठवड्यातून एकदा कुणीतरी बघतंय एवढं पुरतं.

म्हणून ग्रुप छोटा ठेवा, पाच ते दहा जण. वीस झाले की एखादा गायब झालेला कुणाला कळत पण नाही, आणि मी पहिल्या ग्रुपमधून गायब झाले ते त्यामुळेच सोपं गेलं ना! एक शेअर्ड शीट, आडवे आठवडे, उभी नावं, आठवड्याचा एक ठरलेला वार, त्या दिवशी रात्रीपर्यंत टिक करायची. शीट सांभाळायला दोघं जण ठेवा, एकटा असला की तो आजारी पडला किंवा कामात अडकला की सगळंच थांबतं.

आणि रक्कम दाखवायची नाही. हे मी ठासून सांगतेय कारण आमचा दुसरा ग्रुप यावरच बुडाला. तिथे शीटमध्ये आकडे लिहायचो, एकाचा पट मोठा, दुसरीचा अगदी छोटा, कुणी काही बोललं नाही पण छोटा पटवाली आधी उशिरा लिहायला लागली, मग लिहिणंच बंद, मग तिच्यामागे अजून दोघं. मोठा पटवाला बिचारा काही फुशारकी मारत नव्हता, तरी व्हायचं ते झालं. प्रत्येकाचा पट वेगळा आणि तो ज्याचा त्याला माहीत, शीटमध्ये फक्त टिक, फार तर माझे इतके टक्के झाले. स्क्रीनशॉट मागू नका, कुणाला हौसच असेल तर खाते नंबर आणि बॅलन्स झाकून टाकायला सांगा. खोटी टिक करता येईल की, असं कुणीतरी विचारतंच. येईल. स्वतःला फसवायचं असेल तर आपण काय करणार.

आता चुकलेल्या आठवड्याचं. माणूस चॅलेंज सोडतो ते पैसे नसलेल्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यात, कारण आता दोन भरायचे झाले, मग तीन, आणि शीटमध्ये रिकामे चौकोन सगळ्यांना दिसतायत. वर्षात ५२ आठवडे आणि वर एक दिवस, म्हणजे ५२ आकडे घेतले तर चुकायला जागाच उरत नाही. आम्ही काय केलं, तक्ता ४८ आकड्यांचाच केला, बेरीज ११७६, आणि उरलेले चार आठवडे प्रत्येकाला जोकर म्हणून दिले. नाही जमलं, जोकर लावला, मागची थकबाकी नाही, कारण सांगायचं नाही. पट २० वाल्याचे २७,५६० ऐवजी २३,५२० जमतात, कमी आहेत खरं, पण अर्ध्यात सोडलेल्या ५२ पेक्षा पूर्ण झालेले ४८ मला परवडतात.

आम्ही ग्रुपवर पिन केलेला मेसेज साधारण असा होता, हवा तर उचला:

"रविवार रात्रीपर्यंत टिक. नसेल जमलं तर जोकर लिहा, गप्प बसू नका. चार जोकर संपले आणि तरी चुकलं तर त्या आठवड्यात सगळ्यात लहान उरलेला आकडा टाका, तोही नको असेल तर पट अर्धा करा आणि तसं कळवा. कुणीही कुणाला का म्हणून विचारणार नाही. दोन रविवार काहीच आलं नाही तर शीटवाला एकदा पर्सनल मेसेज करेल, ग्रुपवर नाव घेणार नाही."

पट अर्धा करायची सोय नक्की ठेवा. नोकरी जाते, दवाखाना निघतो, त्यात पट कमी करून राहिलेला माणूस परत वाढवू शकतो, बाहेर गेलेला सहसा येत नाही. तसंच मध्येच पैसे काढावे लागले तर काढा, अडचणीसाठीच असतात ते, आणि शीटमधली जुनी टिक पुसू नका, त्या आठवड्यात तुम्ही टाकले होते ही गोष्ट काही खोटी होत नाही.

क्रेडिट कार्डची थकबाकी किंवा असंच महागडं कर्ज डोक्यावर असेल तर बचत खात्यात टाकण्यापेक्षा तीच रक्कम कर्जात जास्तीची भरा आणि टिक करा. बचतीवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा तिथे लागणारं व्याज बहुतेक वेळा कितीतरी जास्त असतं. ग्रुपला काय, टिक ती टिक.

पैसे रोजच्या खात्यात ठेवू नका, वेगळं खातं, जमलं तर त्याचं कार्डही सोबत बाळगू नका, आणि ॲपमध्ये खात्याला नाव देता येत असेल तर कशासाठी जमवताय ते नाव द्या. सुरुवात जानेवारीतच करायला हवी असं पण काही नाही, आमचा तिसरा ग्रुप ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाला होता, कारण तेव्हा आठ जण तयार होते, बस. शेवटच्या आठवड्यात शीट बंद केली, ग्रुप पण बंद केला, आणि पुढच्या वर्षासाठी नवीन ग्रुप काढून ज्याला यायचंय त्याने स्वतःहून यावं असं ठेवलं. आठातले पाच आले, एक नवीन आली.