दोन दमदार ट्रेल स्नोमोबाईलमधून एक कशी निवडावी

"ही १६५ अश्वशक्तीची, ती जरा कमी, मग हीच घेऊ ना?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता मी उत्तरच देत नाही. हेल्मेट हातात देतो आणि म्हणतो, आधी चालवून ये.

हा लेख स्नोमोबाईलची, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा रबरी ट्रॅक असलेल्या बर्फावरच्या गाडीची, यादी दोन नावांवर आणून तिथेच अडकलेल्यांसाठी आहे. ग्रूम केलेल्या (यंत्राने बर्फ दाबून सपाट केलेल्या) ट्रेलवरच चालवायचं आहे, मागे कुणी बसणार नाही, पैशाचा हिशेब झाला आहे, हे सगळं ठरलंय असं धरतो. उदाहरणादाखल स्की-डूची एमएक्सझेड एक्स-आरएस आणि पोलारिसची इंडी एक्ससीआर घेऊ, दोन्ही ८५० सीसी वर्गातल्या. तुमची जोडी वेगळी असली तरी पद्धत हीच.

इंजिन: पाच मिनिटांत उरका

स्की-डूचं रोटॅक्स ८५० ई-टेक ८४९ सीसीचं, पोलारिसचं ८५० पेट्रियट ८४० सीसीचं. दोन्ही दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. कॅनडातल्या क्युबेकमध्ये स्नोमोबाईलची कमाल वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे, अमेरिकेतल्या मिनेसोटात ताशी ५० मैल. ही मशिनं त्या मर्यादेला पोचतात तेव्हा थ्रॉटल अजून अर्धासुद्धा दाबलेला नसतो. मग पाच-सात अश्वशक्तीवरून रात्र जागवायची कशाला?

विचार करायचाच असेल तर टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, एवढाच करा. तुमच्या दोनांपैकी एक १८० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९०० एसीई टर्बो आर किंवा ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो असेल, तर ते शांत चालेल, तेलाची टाकी भरत बसावी लागणार नाही, पेट्रोलही कमी पिईल. पण त्या इंजिनाचं वजन मशीनच्या नाकावर बसलेलं असतं. झाडीतली तीन वळणं लागोपाठ आली की तिसऱ्या वळणावर ते वजन तुमच्या खांद्यांना कळतं. गोठलेल्या तळ्यांवरून आणि सरळ पट्ट्यांवरून दिवसभर लांब जायचं असेल तर फोर-स्ट्रोक, रानातल्या वळणावळणाच्या वाटांवर टू-स्ट्रोक. माझ्यापुरता हा वाद संपला. उंच डोंगरात राहणाऱ्यांसाठी एवढंच: टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटर चढाला साधारण तीन टक्के ताकद गमावतं, आणि क्लचची वजनंही त्या उंचीप्रमाणे बदलावी लागतात.

ट्रॅक: १३७ घ्या

दोन्ही कंपन्या साधारण १२९ आणि १३७ इंची ट्रॅक देतात, मॉडेलनुसार एखादा इंच इकडे-तिकडे. आठ इंचांनी काय होतं म्हणाल, तर लांब ट्रॅक दोन उंचवट्यांमधला खड्डा ओलांडून जातो आणि आखूड ट्रॅक त्यात उतरून वर येतो. १२९ वळायला चपळ, हे खरं. पण दुपारनंतर, दोनशे गाड्या जाऊन गेलेल्या ट्रेलवर, कंबर १३७चीच बाजू घेते. लग, म्हणजे ट्रॅकवरचे रबरी दाते, सव्वा इंचाचे ठेवा. त्याहून उंच लग भुसभुशीत बर्फात कामाला येतात, टणक ट्रेलवर नाही.

चाचणी: इथे घाई करू नका

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक दोन्ही मशिनं वीस-वीस मिनिटं चालवतात, जे "छान वळतं" ते घेतात आणि घरी आणल्यावर म्हणतात, "हे तेच मशीन आहे ना?" मीही त्यांच्यातलाच.

काही वर्षांपूर्वी मी अशीच दोन मशिनं एका सकाळी चालवली. एक वळणात रुळावर असल्यासारखं गेलं. दुसऱ्याचं नाक दर वळणाला बाहेर जात होतं, हँडल वळवलं तरी मशीन सरळच. निर्णय जागच्या जागी झाला, पैसे दिले. पहिल्या बर्फात नवं मशीन बाहेर काढलं आणि तेही दर वळणाला सरळ जायला लागलं. तो सगळा हिवाळा मी मशीनला शिव्या देत आणि हाताला मलम चोळत काढला. उशिरा लक्षात आलं की विक्रेत्याच्या चाचणीच्या मशीनवर नवीकोरी धारदार कार्बाइड रनर (स्कीखालची कठीण धातूची पट्टी) होती आणि लिमिटर स्ट्रॅप (मागच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती उघडेल ते ठरवणारा पट्टा) आवळलेला होता. दुसऱ्यावरची कार्बाइड झिजून गुळगुळीत झाली होती. मी दोन मशिनांची तुलना केलीच नव्हती. एका झिजलेल्या पट्टीची आणि एका नव्या पट्टीची तुलना केली होती. तेच दुसरं मशीन पुढे एका मित्राने घेतलं, नीट जुळवलं, आणि मला चालवायला दिलं. त्या दिवशी मी घरी येऊन कुणाशी बोललो नाही.

म्हणून चाचणीला निघताना खिशात मोजपट्टी घेऊन जा. विक्रेता हसेल. हसू द्या.

आधी स्कीच्या खाली हात घाला. कार्बाइडची धार दोन्ही मशिनांवर सारखी लागते का? एकीकडे धार बोटाला टोचते आणि दुसरीकडे बोट घसरतं, तर बदलायला सांगा किंवा त्या दिवशी वळणांबद्दल मत बनवू नका. ट्रॅकवरही नजर टाका. एकाच्या ट्रॅकला स्टड (पकडीसाठीचे धातूचे खिळे) ठोकलेले आणि दुसऱ्याला नसतील तर तुलना तिथेच संपली, कारण मागची पकड वाढली की पुढच्या स्की बिचाऱ्या वाटतात. स्की एकमेकींना समांतर किंवा पुढच्या टोकाला किंचित बाहेर उघडलेल्या हव्यात. ते बिघडलेलं असेल तर आधीच्या मशिनांनी पाडलेल्या चरांत स्की शिरतात आणि हँडल डावी-उजवीकडे हिसके मारतं. याला डार्टिंग म्हणतात. याचं खापर लोक मशीनवर फोडतात. दहापैकी आठ वेळा ते स्कीच्या जुळवणीचं किंवा रनरचं दुखणं असतं.

मग सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने मशीन मागून किती खाली बसतं ते. मशीनचा मागचा बंपर धरून वर उचला, सस्पेन्शन पूर्ण उघडू द्या आणि जमिनीपासून बंपरपर्यंतची उंची मोजा. आता बूट, हेल्मेट, जाकीट, पाठीवरची पिशवी असं सगळं घालून बसा, दोनदा हलके उड्या मारल्यासारखं करून सस्पेन्शन स्थिर होऊ द्या आणि कुणाला तरी पुन्हा उंची मोजायला सांगा. दोन आकड्यांतला फरक किती हवा, ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. फरक त्याहून जास्त आला तर मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड (तिला आधीच दिलेला ताण) वाढवा, कमी आला तर घटवा. दोन मिनिटांचं काम आहे. तरीही मी आजवर एकही चाचणीचं मशीन असं पाहिलेलं नाही की जे माझ्या वजनाला आधीच जुळवलेलं होतं. तुमच्या आधी बसून गेलेला माणूस शंभर किलोचा आणि तुम्ही पासष्टचे असाल, तर तुम्हाला ते मशीन दगडासारखं कडक वाटणार. उलट असेल तर मागून बसलेलं, नाक वर काढलेलं आणि अर्थातच वळणात सरळ जाणारं.

सॅग जुळल्यावरच स्कीवरच्या दाबाकडे वळा. लिमिटर स्ट्रॅप आखूड केला की स्की जमिनीला चिकटतात, वळण धारदार होतं आणि हँडल जड होतं. सैल केला की थ्रॉटल दाबताच स्की हलक्या होतात, सरळ पट्ट्यावर मजा येते आणि वळणावर घाम फुटतो. मधल्या शॉकची स्प्रिंग कडक करणं म्हणजेही स्कीवरचं वजन काढून घेणंच. हे एकावेळी एकच बदला. दोन गोष्टी एकदम फिरवून "आता बरं वाटतंय" म्हणणारा माणूस उंटावरचा शहाणा. काय फिरवल्याने बरं वाटलं ते त्याला कधीच कळत नाही.

पेट्रोलही सारखं ठेवा. चाळीस लिटर पेट्रोलचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं. एक टाकी काठोकाठ आणि दुसरी तळाला, असं असेल तर तुम्ही मागच्या सीटवर एक शाळकरी मूल बसवून तुलना करताय.

आता चालवायचं कसं. एकच फेरी निवडा, पंधरा-वीस मिनिटांची. तिच्यात एक लांब वळण हवं, एक अगदी आवळलेलं वळण हवं, आणि वळणाच्या तोंडाशी ब्रेक-थ्रॉटलच्या माऱ्याने तयार झालेल्या बारीक लाटा हव्यात. पहिलं मशीन चालवा, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. ही तिसरी फेरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. सकाळी टणक असलेला ट्रेल दोन तासांत मऊ होतो, तुमचे हातही तोवर सैलावलेले असतात, त्यामुळे नंतर चालवलेलं मशीन नेहमी चांगलंच वाटतं. परत पहिल्यावर बसल्यावर तेही तेवढंच चांगलं वाटलं, तर समजा की फरक मशीनमध्ये नव्हता, ट्रेलमध्ये होता.

चालवताना लक्ष कुठे ठेवायचं? वेगमापकावर तर नक्कीच नाही. लांब वळणात हँडल एकदा वळवल्यावर पुन्हा दुरुस्त करावं लागतं का, हे बघा. आवळलेल्या वळणात आतली स्की उचलली जाते का. लाटांवरून जाताना तुम्ही नकळत सीटवरून उठताय का. उठत असाल तर गुडघ्यांनी तुमच्या वतीने मत दिलं आहे, ते ऐका. उभं राहूनही चालवा. हँडल कमरेशी येतं की पोटाच्या वर, यावर दिवसाच्या शेवटच्या पन्नास किलोमीटरचं सुख अवलंबून असतं, आणि शोरूममध्ये बसून, हँडल धरून, तोंडाने इंजिनाचा आवाज काढून ते कळत नाही. फेरी संपल्यावर हातमोजे काढा आणि मुठी उघड-मीट करा. ज्या मशीनवरून उतरल्यावर बोटं आखडलेली असतात, ते तुमचं मशीन नाही, मग मासिकं काहीही लिहोत.

वसंतात चाचणी करणार असाल तर आणखी एक सावधगिरी. ओल्या, खरखरीत बर्फात कुठल्याही स्की छान चावतात. तिथे सगळीच मशिनं वळतात. शक्य असेल तर कडाक्याच्या थंडीतल्या टणक ट्रेलवर चालवून मगच ठरवा.

बेल्ट स्वतः बदलून बघा

दोन्ही मशिनांचं साइड पॅनल विक्रेत्यासमोर हातमोजे घालून उघडा आणि ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा पट्टा) काढून परत बसवा. उणे वीस अंशांत, अंधार पडताना, हे काम तुम्हाला कधीतरी करायचंच आहे. एका मशीनवर ते चार मिनिटांत झालं आणि दुसऱ्यावर पॅनलची खुंटी सापडेना, तर माझ्या लेखी ही गोष्ट दहा अश्वशक्तींपेक्षा मोठी.

स्क्रॅचर आहेत का तेही विचारा, नसतील तर लावून घ्या. ट्रॅकने उडवलेला बर्फच टनेलमधल्या (ट्रॅकवरच्या पोकळीतल्या) रेडिएटरना थंड ठेवतो आणि ट्रॅक ज्यांवरून सरकतो त्या खालच्या प्लास्टिकच्या स्लाइडना वंगण पुरवतो. बर्फ टणक झाला की काही उडत नाही, तापमान चढतं, स्लाइड वितळतात. बर्फ खरवडून वर फेकणाऱ्या या दोन तारा म्हणजे क्षुल्लक खर्च.

स्की-डूच्या शॉट स्टार्टरबद्दल विचारणारे असतात: बॅटरीऐवजी कपॅसिटर असतो, दिवसाची पहिली सुरुवात दोरी ओढून, नंतर बटणावर. वजन वाचतं. खांदा दुखरा असेल तर मात्र बॅटरीवालंच घ्या.

सुटे भाग आणि मागणीची वेळ

तुम्ही जिथे चालवता तिथून तासाभरात ज्या ब्रँडचा चांगला मिस्त्री आहे, त्याला झुकतं माप द्या. जुनं मशीन बघत असाल तर हेही ध्यानात ठेवा की यामाहाने २०२३ मध्ये जाहीर केलं आणि २०२५च्या मॉडेलनंतर स्नोमोबाईल बनवणं थांबवलं. ती मशिनं वाईट झाली असं नाही, पण बंपर, पॅनल, सीट कुठून आणणार हे आधी विचारून ठेवा.

काही खास मॉडेल आणि ट्रॅकचे पर्याय फक्त वसंतातल्या आगाऊ नोंदणीतच मिळतात. म्हणजे चाचणी हिवाळ्यात, नोंदणी वसंतात आणि मशीन पुढच्या थंडीच्या तोंडावर, असं वर्षाचं गणित बसवा.

नोंदणी झाली की चाचणीच्या दिवशी जुळवलेले आकडे, म्हणजे सॅग, प्रीलोडची खूण, लिमिटर स्ट्रॅपचं भोक, एका कागदावर लिहून विक्रेत्याला द्या आणि मशीन त्याच मापांवर हातात हवं असं बजावा. घरी आणल्यावर मोजपट्टी घेऊन स्वतः पुन्हा मोजा. माझ्या शेवटच्या मशीनवर स्ट्रॅप एक भोक सैल निघाला होता.